फाटक्या पुस्तकांचा वॉर्ड

१० फेब्रुवारी १९६४, सोमवार. काम: फाटकी पुस्तकं वेगळी काढणं.

अकोल्याच्या एका मोठ्या धर्मादाय इस्पितळात रुग्णांसाठी ग्रंथालय होतं. अमरावतीच्या ग्रंथपालन वर्गातून मला तिथं महिनाभराच्या प्रात्यक्षिकाला पाठवलं होतं. विद्यार्थिनी म्हणावं असं माझं वय नव्हतं, अडतिशी ओलांडली होती. अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेचं ग्रंथालय मी कितीतरी वर्षं सांभाळत होते. एक दिवस शाळेनं कळवलं, प्रमाणपत्र आणा, नाही तर आम्ही दुसरी बाई बघतो. म्हणून विशीतल्या पोरांशेजारी बाकावर जाऊन बसले. अकोल्यात नणंदेकडे राहायची सोय होती. चूल तिची, भांडी माझी, असं आमचं ठरलं होतं.

ग्रंथालय म्हणजे बाह्यरुग्ण विभागामागची एक खोली. चार कपाटं, एक टेबल, आणि पुस्तकं वॉर्डावॉर्डातून फिरवायला ड्रेसिंगची एक जुनी गाडी, जिचं एक चाक कायम भांडायचं. ग्रंथपाल म्हणून कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांना सगळे बाबूजी म्हणत. सोमवारी सकाळी त्यांनी माझ्यापुढं पुस्तकांचा डोंगर ठेवला.

"तीन ढीग करा, बाई," ते म्हणाले. "साबूत पुस्तकं पैसेवाल्याइच्या खास खोल्यांसाठी. पुठ्ठा गेलेली जनरल वॉर्डासाठी. पानं गेलेली टीबी वॉर्डासाठी."

"पानं गेलेली म्हणजे कुठली?"

"समोरची, मधली, मागची. जशी असन तशी."

"आणि ती वाचायची कशी?"

"टीबीवाल्याइले काय घाई हाय? पडून तं राह्यचं हाय त्याहीले."

कारण मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. टीबी वॉर्डात गेलेलं पुस्तक परत घ्यायचं नाही, असा नियम होता. ते वर्षभर तिथं राहायचं, आणि इस्पितळाच्या मागच्या मोकळ्या जागेत वॉर्डबॉय दर वर्षी जी होळी पेटवत, तिच्यात जायचं. शेवटी जळणारच, तर फाटकंच द्यावं. बाबूजींना यात काटकसर दिसत होती. मला म्हणाले, "इतक्या वर्सात एक साबूत पुस्तक म्या वाया जाऊ देलं नाही." छाती फुगली होती त्यांची.

माझ्या अंगाची आग झाली ती आधी धंद्याच्या बाजूनं. फाटलेलं पुस्तक शिवता येतं, खळ लावून पुठ्ठा चढवता येतो, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. इथं कुणी सुईला हात लावत नव्हतं. पण सांगितलेलं काम मी आधी करते, मग बोलते. तीन ढीग केले. तिसरा सगळ्यांत मोठा झाला. तो गाडीवर रचला आणि निघाले.

टीबी वॉर्ड आवाराच्या पार टोकाला, स्वयंपाकघर ओलांडून, कडुनिंबांच्या पलीकडे. बायकांच्या बाजूला गाडीचं चाक वाजल्याबरोबर आतून आवाज आला, "आल्या वं, फाटक्याच्या बाई आल्या!"

"मागच्या बाईनं अर्धं रामायन देल्लं होतं," दुसरी म्हणाली. "सीता अजून लंकेतच हाय."

सगळ्या हसल्या, आणि हसता हसता दोघी खोकल्या. मीही हसले. काय करणार?

त्यांचा एक रिवाज होता. दुपारी एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि पानं संपली की पुढं काय झालं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. निवाडा करायची ती मोर्शीकडची एक म्हातारी माळीण. जन्मभर बाजारात वांगी-मेथी विकलेली. अक्षरओळख नाही. तिला सगळ्या मावशी म्हणत. मी गाडीवरून पुस्तकं उतरवत होते तेव्हा एका कादंबरीचा निकाल चालला होता.

"तिले विहिरीत नका ढकलू वं," मावशी बजावत होती. "मागच्या दोघीइले तुमी ढकललं. इले घरी पोचवा."

"मावशी, लिवनाऱ्यानं काय लिवलं असन, कोन जाने."

"लिवनारा इथं वर्सभर सुया खाऊन राह्यला काय? आपुन ठरवू. घरी पोचवा म्हनलं ना!"

नायिका घरी पोचली.

खिडकीजवळच्या खाटेवरची मुलगी यात नव्हती. गुडघ्यावर पाटी घेऊन ती औषधाच्या बाटलीच्या बुडाभोवती वर्तुळ काढत होती. अकोटजवळच्या खेड्यातली. बाप अकोटच्या जिनिंगमध्ये मजुरीला. छप्पन्न साली घरच्या सगळ्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, हे तिनं नाव-गाव सांगावं तसं आधीच सांगून टाकलं. अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात, असताना तोंडातून रक्त आलं, आणि तिला इथं आणलं. आता थुंकी स्वच्छ येत होती. महिनाअखेर सोडू, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मार्चमध्ये मॅट्रिकची परीक्षा. बाहेरून फॉर्म भरला होता.

"मॅट्रिक झाली की मास्तरनीच्या ट्रेनिंगले जाता येते," ती म्हणाली. "नाई झाली तं मी टीबीवाली पोरगी. कोन करीन मले, न कोन कामावर ठेवीन? यंदा बापानं हो म्हनलं. पुढच्या साली भावाची पाळी हाय."

रडली नाही. एस.टी.ची वेळ सांगावी तशी बोलली.

तिच्याजवळ भूमितीचं पुस्तक होतं, याच ग्रंथालयातून आलेलं. मी उघडून पाहिलं. वर्तुळाचं प्रकरण सुरू होत होतं आणि पुस्तक संपत होतं. पुढचा सगळा भाग गेलेला.

"तुझं स्वतःचं पुस्तक?"

"मी जगत नाही असं समजून बापानं चुलतभावाले देऊन टाकलं. त्यानं त्याची वाट लावली." मग तिनं मावशीच्या खाटेकडे मान वळवली. "गोष्टीचं तं मावशी ठरवते, बाई. प्रमेयाचं कोन ठरवीन?"

 उत्तर कुठं आहे ते मला माहीत होतं. ग्रंथालयात बाबूजींच्या खुर्चीमागं एक काचेचं कपाट होतं, आणि त्यात मॅट्रिकच्या पुस्तकांचा अख्खा संच, लाल कापडी बांधणीचा, वर सोनेरी अक्षरांत एका व्यापाऱ्याच्या आईचं नाव. कोणीतरी तिच्या स्मरणार्थ दिलेला. एकही पुस्तक कधी उघडलेलं नव्हतं. पानं एकमेकांना चिकटलेली होती. खास खोल्यांतल्या लोकांना भूमिती नको होती, आणि ज्यांना हवी होती त्यांना ती मिळणार नव्हती.

संध्याकाळी घरी जाताना दुकानंही पालथी घातली. फेब्रुवारीत अकरावीची भूमिती कुठून मिळणार? "जूनमध्ये या," एकानं सांगितलं.

मंगळवारी मी बाबूजींकडे भूमिती मागितली.

"बाई, तुमी महिन्याच्या पावन्या," ते म्हणाले. "पावन्यावानी राहा."

"पुस्तक कपाटात सडतंय. तिची परीक्षा आहे."

"तिकडं गेलं का परत येत नाही. जंतू बसतात पानात."

"बसले तर उन्हात टाकू."

"जंतू म्हंजे ढेकून वाटले काय तुमाले?" मग आवाज खाली आणून, "अन् या लोकाइचं तुमाले माहीत नाही. धर्म बदलला, आता मॅट्रिक पाह्यजे. उद्या काचेचं कपाट मागतीन."

मी म्हटलं, "मागू देत. तुमच्यापेक्षा जास्त उघडतील."  

त्याच दुपारी खास खोल्यांची फेरी होती. एका खोलीत तेलगिरणीच्या मालकाची सून होती. तिला छातीत पाणी झालं आहे, असं सगळे हळू आवाजात सांगत. ती बिचारी दिवसाला एक कादंबरी वाचायची. मी नवी दिली, जुनी उचलली. बाहेर नर्स सुई उकळायला नेत होती. तिला मी विचारलं, "या बाईंना कोणतं इंजेक्शन देता?"

"तेच. तिकडच्या वॉर्डात देतो ते."

"म्हणजे टीबी?"

नर्सनं मागंपुढं पाहिलं. "तिकडं टीबी म्हणतात. इकडं छातीत पाणी म्हणायचं, असं सांगितलंय आम्हाला."

मी परत आले. बाबूजींनी माझ्या हातातली कादंबरी घेतली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि कपाटात साबूत पुस्तकांच्या रांगेत ठेवली. रोज ठेवत असत तशी.  आजही ते आठवलं की माझे दात आवळतात. माणसाला जंतूंची भीती वाटली तर मला समजते. पण ही भीती खोलीचा दरवाजा बघून वाटत होती.

मी भांडायचं ठरवलं होतं, तरी रीतीनं भांडायचं म्हणून आधी डॉक्टरीणबाईंना भेटले. पुण्याकडच्या, हुशार, दिवसभर पायावर उभ्या. त्यांनी सरळ सांगितलं, "अहो, हा रोग खोकल्यातून पसरतो. पुस्तक दोन दिवस कडक उन्हात ठेवलं की पुरे. आणि त्या मुलीच्या थुंकीत आता काही नाहीच."

"मग एवढं कागदावर लिहून द्या."

त्यांचा चेहरा बदलला. "ग्रंथालय माझ्याकडे येत नाही हो. मी तिथं कशाला लुडबुड करू? समितीचे लोक म्हणतील, बाई औषध सोडून पुस्तकं वाटते."

"ती नापास झाली तर?"

"मी तिला बरी करतेय ना," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. बरी करत होत्या, हे खरंच होतं. म्हणून तर जास्त राग आला.

राहिले इस्पितळ चालवणाऱ्या समितीचे सचिव. ते सकाळी अकराच्या सुमाराला यायचे. बुधवारी मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते संत्रं सोलत होते. टेबलाखाली गवतात रचलेली टोपली होती.

"या बाई, बसा. घ्या. शेंदूरजन्याची आहेत, साखर आहे नुसती."

"कोणी आणली?"

"वॉर्डातल्या कुणाच्या तरी घरून आली. टीबीतल्या. बाग आहे त्यांची."

"टीबीतल्यांची संत्री चालतात?"

ते हसले. विनोदी गृहस्थ होते. "संत्र्याला साल असते, बाई."

"पुस्तकाला पुठ्ठा असतो."

मग हसले नाहीत. मी सगळं मांडलं. मुलगी, परीक्षा, अर्धी भूमिती, डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, खास खोलीतलं छातीतलं पाणी. शेवटच्या गोष्टीवर त्यांनी हात वर केला.

"त्या घराण्याच्या देणगीवर आपलं नवं क्ष-किरण यंत्र आलं. जपून बोला."

"बरं. भूमितीचं बोलू."

"ते पुस्तक तिकडे गेलं की होळीत जाणार. दात्याच्या आईचं नाव आहे त्यावर. तुम्ही मला सांगा, त्या माउलीचं नाव होळीत घालू?"

"नका घालू. पुस्तक परत घ्या."

"टीबीतलं परत कसं घेणार? नियम आहे."

"मग नियम बदला."

"समितीची बैठक एप्रिलमध्ये आहे." त्यांनी एक फोड तोंडात टाकली. "आणि बाई, तुमच्या प्रात्यक्षिकाचा अहवाल आमच्याकडून जायचा आहे. तो चांगला जावा असं मलाही वाटतं."

मी उठले. संत्रं घेतलं नाही.

त्या दिवशी दुपारभर मी तिसऱ्या ढिगापुढं बसून होते. पानं गेलेली टीबी वॉर्डासाठी. हा नियम कुणी मोडू देणार नव्हतं, आणि एप्रिलच्या आत बदलूही देणार नव्हतं. तर ठीक आहे. मी नियमच पाळायचं ठरवलं.

पाच वाजता बाबूजी छत्री घेऊन निघाले. कुलूप लावायचं काम माझ्याकडे होतं. काचेच्या कपाटाची किल्ली टेबलाच्या खणात असायची, लपवण्याइतकं तिथं कुणाला काही महत्त्वाचं वाटतच नव्हतं. मी भूमिती बाहेर काढली. वर्गात बांधणी शिकताना घेतलेला चाकू माझ्या पिशवीत होता. पुठ्ठा आणि पानं यांना धरून ठेवणारी कापडी पट्टी आतल्या बाजूनं चिरली, तसा पुठ्ठा एका झटक्यात सुटला. चांगलं काम होतं कुणाचं तरी, सरळ टाके, घट्ट दोरा. टाक्यांना मी हात लावला नाही. मग पहिलं कोरं पान, नावाचं पान आणि प्रस्तावना काढली. मुलींच्या शाळेत इतकी वर्षं काढली, प्रस्तावना वाचणारी एकही मुलगी मला भेटली नव्हती. पुठ्ठ्याच्या आत जुनी वर्तमानपत्रं घडी करून भरली आणि तो कपाटात होता तिथं उभा केला. सोनेरी नाव जागच्या जागी. माउलीला कुणी धक्का लावला नव्हता.

उरलेलं पुस्तक मी तिसऱ्या ढिगावर ठेवलं. पानं गेलेलं, पुठ्ठा गेलेला. बाबूजींच्या पद्धतीनं पाहिलं तर टीबी वॉर्डाशिवाय त्याला दुसरी जागा नव्हती.

पुस्तकांवर जगणाऱ्या बाईनं नव्या पुस्तकाला चाकू लावला, याचं मला काही वाटलं नाही असं नाही.  पण राग मोठा होता, आणि तो पुस्तकावर नव्हता.

परिणाम इथंच सांगून टाकते. अहवालात ‘पुस्तकांची नासधूस करते’ असं लिहून आलं. महिना पुरा व्हायच्या आत मला परत पाठवलं. प्रमाणपत्र त्या साली मिळालं नाही, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या ग्रंथालयात प्रात्यक्षिक करून मिळवलं. शाळेनं तोवर मला ठेवलं, कारण त्या पगारात त्यांना दुसरी बाई मिळाली नाही.

होळीच्या आदल्या दिवशी वॉर्डबॉय पुस्तकं गोळा करायला आले, तेव्हा मुलीला अजून घरी सोडलं नव्हतं, ती तिथंच होती. "आमी होळी करत नाही, न हे लोक आमच्याच पुढ्यातून पुस्तकं उचलून राह्यले," असं ती मला नंतर म्हणाली. भूमिती मावशीच्या गादीखाली होती. मावशीला उठायला सांगितलं तर तिनं खोकल्याची अशी उबळ काढली की वॉर्डबॉय दारापर्यंत मागं सरकले. "मले उठाले डाक्टरनीची मनाई हाय," ती म्हणाली. "तुले पाह्यजे असन तं मलेच उचल, न टाक होळीत."

उन्हाळ्याच्या शेवटी मुलीचा बाप अमरावतीला शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला, जिनिंगचा कापूस अजून केसांत. "पोरगी पास झाली, बाई. भूमितीत काठावर." एवढं सांगितलं आणि परतीच्या एस.टी.साठी निघाला. ती पुढं ट्रेनिंगला गेली, मास्तरीण झाली.

म्हणून माझा राग निवला असं कुणी समजू नये. एकीला एक पुस्तक मिळालं. बाकीच्या बायका होत्या तशाच राहिल्या, पानं गेलेली पुस्तकं घेऊन. एप्रिलच्या बैठकीत तो विषय निघाला की नाही, हे मला कुणी कळवलं नाही. पुढच्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी तिथं प्रात्यक्षिकाला गेली. तिलाही पहिल्या दिवशी तीनच ढीग करायला लावले. ते लोक वाईट होते असं मी म्हणणार नाही. बाबूजी कुणाच्या पैशाला हात लावत नसत, डॉक्टरीणबाईंनी शेकडो जीव वाचवले असतील, सचिव फुकट काम करत. सगळे आपापल्या जागी नीट होते आणि सगळ्यांचं मिळून त्या मुलीला अर्धी भूमिती मिळत होती. यावर चिडायचं नाही तर कशावर?

पुस्तक कापलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी सकाळी, मी नणंदेची भांडी घासून लवकर निघाले. गाडी एरवी टीबी वॉर्डाकडे सगळ्यांत शेवटी जायची. मी ती आधी टीबी वॉर्डाकडे नेली. बायकांची तोंडं धुऊन व्हायची होती. भूमिती मुलीच्या हातात दिली, वर्तुळाचं प्रकरण उघडून. ती पानं मोजू लागली, शेवटपर्यंत गेली, आणि पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, "मोजत बसू नकोस, वाच."

परत आले तेव्हा बाबूजी नुकते खुर्चीत बसले होते. त्यांनी कपाटाकडे बघायच्या आत मी त्यांना सांगितलं, मी काय कापलं आणि कुठं दिलं. ते उठले, लाल पुठ्ठा बाहेर काढला, आतली वर्तमानपत्रं पाहिली आणि तो तसाच घेऊन सचिवांच्या खोलीकडे गेले. सचिव अजून आले नव्हते. जनरल वॉर्डाची फेरी राहिली होती. मी पुठ्ठा गेलेली पुस्तकं गाडीवर चढवली आणि ती फेरी करून घेतली.